लाँगबोर्ड: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर, मुख्यतः बुशविषयी

लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, विकताना दुकानदाराने गिऱ्हाइकाचं वजन विचारायलाच हवं. मला कुणी विचारलं नाही. "कुणासाठी घेताय मॅडम?" विचारलं, मुलाची उंची किती ते विचारलं, माझ्यासाठीच घेतेय म्हटल्यावर रंग कोणता हवा ते विचारलं. माझं वजन 53 किलो आहे, वय 57. आणि माझ्या गळ्यात जो बोर्ड मारला त्याच्या दोन्ही ट्रकमध्ये, म्हणजे फळीखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या जोडात, 90ए चे बुश होते. बुश म्हणजे त्यातली दाबली जाणारी कडी, आणि ए चा आकडा जितका मोठा तितकी ती कडक. ज्यांना हा आकडा कळतो त्यांना माझी तक्रार इथेच कळली असेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण हा आकडा मला वेळेवर कुणी सांगितला असता तर माझा अख्खा उन्हाळा वेगळा गेला असता.

बोर्ड 40 इंची, ड्रॉप-थ्रू. ट्रक 180 मिमीचे, रिव्हर्स किंगपिन (ट्रकमधला मुख्य बोल्ट बाहेरच्या बाजूला). चाकं 70 मिमी, 78ए. किंमत ₹11,500, घासाघीस करून. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दुकानाचंही नाही.

ड्रॉप-थ्रूच घ्या, हे पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ठासून सांगते. यात ट्रक फळीच्या खाली बसवण्याऐवजी फळीतच खाच पाडून आरपार बसवलेला असतो, त्यामुळे उभं राहायची जागा जमिनीपासून बरीच खाली येते. एका पायाने ढकलताना दुसरा गुडघा किती वाकवावा लागतो, ते या उंचीवर ठरतं. भाच्याच्या उंच बोर्डावर माझा उजवा गुडघा थोड्याच वेळात बोलायला लागायचा. यावर तासभर फिरले तरी काही नाही.

चाकांबद्दल माझं मत पार बदललं. सुरुवातीला ती मला गरजेपेक्षा मऊ वाटायची, वेग धरतच नाहीत असं वाटायचं. एका रविवारी पहाटेच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, समोरच्या बाईंनी न राहवून चाकाला नख लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर खोडरबरासारखं आहे. झिजून जाईल की!" मलाही तीच धास्ती होती. आता सांगते, मुंबईत हीच चाकं हवीत. सिमेंटच्या नव्या रस्त्यांवर पकड राहावी म्हणून आडव्या रेघा पाडलेल्या असतात. कडक चाकाने त्यांवरून गेलं की तळपायापासून दातांपर्यंत झिणझिण्या येतात. 78ए चं चाक ती थरथर स्वतःतच जिरवतं. मॅनहोलच्या झाकणाभोवतीचे पेव्हर ब्लॉक मात्र कोणतंच चाक गिळत नाही, तिथे सरळ उतरायचं आणि बोर्ड हातात घ्यायचा. डांबरावर मॅस्टिकचा काळा गुळगुळीत पट्टा लागला तर कोरडा असताना स्वर्ग, ओला असताना त्याच्या वाटेला जाऊ नका.

या चाकांचं मोल कळायचं तर आधी काय होतं ते पाहावं. समुद्रावर लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर लाट शोधायची, या हौसेतून कॅलिफोर्नियाच्या सर्फरांनी फळीला चाकं लावली. सुरुवातीची चाकं धातूची, मग पक्क्या मातीची. खडा आला की चाक तिथेच थांबायचं आणि माणूस पुढे जायचा. 1972 च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दीने पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. माझ्यासारखी बाई आज माटुंग्याच्या रस्त्यावर उभी राहू शकते ती या एका बदलामुळे. दुकानदाराला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याच्यासाठी तो "चांगला खपणारा पीस" होता.

तर उन्हाळा. फाइव्ह गार्डन्सच्या आजूबाजूचे रस्ते पहाटे मोकळे असतात, झाडांमुळे सावली असते, तिथे मी शिकले. सरळ जाणं लवकर जमलं. वळणं मात्र काही केल्या जमेना. बोर्ड वाकायचाच नाही. टाचेवर सगळा भार टाकला तरी तो आपला सरळ चालला आहे. प्रत्येक कोपऱ्यावर उतरायचं, बोर्ड फिरवायचा, परत चढायचं. तिथे येणारी मुलं खरंच गुणी, मला बघून थांबायची, शिकवायची. त्यांतला एक म्हणाला, "काकू, घोट्यांत तेवढी लवचिकता राहत नाही ना या वयात, त्यामुळे होतं." दुसऱ्याने व्यायाम सांगितले. दुकानात फोन केला तर तिथेही हेच ऐकवलं, "मॅडम, एजमुळे होतं, सवय होईल." मी घोट्यांचे व्यायाम सुरू केले. रोज पायरीवर उभं राहून टाचा वरखाली. व्यायाम चांगलाच आहे, अजून करते. पण बोर्ड वाकला नाही तो नाहीच.

मग जुलै आला. बोर्ड गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेला, वर छप्पर, पाण्यात एकदाही नेला नव्हता. मध्ये काही दिवस उघडीप मिळाली म्हणून खाली घेऊन गेले, तर मागचं एक चाक फिरेचना. दुसरं फिरत होतं पण जात्यासारखं घरघरत. काढून पाहिलं तर बेअरिंगच्या पत्र्याच्या झाकणाभोवती तांबूस कड. दुकानात घेऊन गेले. तिथल्या मुलाने चाक बोटाने ढकललं, मान हलवली आणि म्हणाला, "पाण्यात वापरलाय. वॉरंटीत बसत नाही." मी सांगितलं, पाण्यात नेलेला नाही. तो म्हणाला, मग हवेमुळे झालं असेल, तेही वॉरंटीत नाही. मुंबईत विकलेला माल मुंबईच्या हवेत टिकत नसेल तर तो कुठल्या हवेसाठी विकता, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं नाही. आठ बेअरिंगांच्या नव्या सेटचे ₹2,400 सांगितले, वर "एबेक नाइन आहे मॅडम, एकदम फास्ट."

इथे माझं डोकं फिरलं. एबेक हा आकडा बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय ते सांगतो. चाक रस्त्यावर किती पळेल हे तो सांगत नाही. रस्त्यावरचे धक्के, कडेने येणारा दाब, धूळ यांचा त्यात हिशोबच नाही. आणि स्केटबोर्डचं बेअरिंग ही काही अद्भुत वस्तू नव्हे. ते 608 नंबरचं साधं बेअरिंग आहे. आतलं भोक 8 मिमी, बाहेरचा व्यास 22 मिमी, जाडी 7 मिमी. जगभर हेच माप.

दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटला गेले. मशिद बंदरला उतरलं की चालत जाता येतं. तिथे 608 म्हटल्यावर कुणी एज विचारली नाही. दुकानदाराने एवढंच विचारलं, "पत्रा के रबर? ग्राइंडर के लिए चाहिए क्या?" रबर घेतलं, म्हणजे ज्यावर 2आरएस लिहिलेलं असतं, दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याच्या झाकणापेक्षा दमट हवेत आणि धुळीत हे जास्त टिकतं. ₹40 ला एक. आठांचे ₹320. दुकानाच्या भावाशी तुलना तुम्हीच करा. एक सांभाळा: दोन बेअरिंगांच्या मध्ये जी छोटी नळी असते, ती स्पेसर, आणि ॲक्सलवरच्या बारीक चकत्या फेकू नका, नव्या बेअरिंगांना त्या लागतातच. जुन्यांपैकी सगळी मेली नव्हती. चार वाचली. रॉकेलमध्ये बुडवून, घासून, पूर्ण कोरडी करून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. ती आता राखीव आहेत.

चाकं काढलीच होती, म्हणून ट्रकही उघडला. आणि इथे मूळ मुद्दा आला.

किंगपिनचा नट 9/16 च्या पान्याने सुटतो. आत दोन जाड रबरी कडी निघतात, दिसायला रबरी पण असतात पॉलियुरेथेनची. हेच बुश. एक फळीच्या बाजूला, एक रस्त्याच्या बाजूला. तुम्ही एका कडेला झुकता तेव्हा हे कडं दाबलं जातं आणि ट्रक वळतो, तुम्ही सरळ होता तेव्हा ते फुगून बोर्डाला परत मध्यावर आणतं. बोर्डाचं सगळं वळण या दोन कड्यांत आहे. माझ्या बोर्डातले मी अंगठ्याने दाबून पाहिले तर खूणसुद्धा उमटेना. कडेला बारीक अक्षरात 90ए. मग वाचन केलं. 90ए चे बुश 80 किलोच्या आसपासच्या माणसाला ठीक. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाने 80ए च्या आसपासचे घ्यावेत. म्हणजे माझ्या घोट्यांचा काही संबंध नव्हता. माझ्या वजनाच्या विशीतल्या मुलीलाही तो बोर्ड वळवता आला नसता. तिला कुणी वयाचं कारण दिलं नसतं, एवढाच फरक.

या एका गोष्टीचा मला आजही राग येतो. पन्नाशी उलटलेल्या बाईला काही जमत नसलं की लोक आधी तिचं शरीर तपासतात, वस्तू तपासत नाहीत. ती मुलं प्रेमाने म्हणाली, त्यांच्यावर राग नाही. पण ज्याने पैसे घेतले त्याने पाना हातात घ्यायला हवा होता.

नवे बुश मागवले. फळीच्या बाजूला 81ए चा बॅरल (सरळ नळकांड्यासारखा), रस्त्याच्या बाजूला 78ए चा कोन (शंकूसारखा निमुळता). दोन्ही ट्रकचे मिळून घरपोच ₹950. जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसवले. वरखालच्या वाट्यांसारख्या चकत्या नीट बसल्या पाहिजेत. नट किती आवळायचा त्याची खूण ही: चकती हाताने फिरवता येऊ नये, पण बुश फुगून बाहेर आलेला दिसू नये. त्यापुढे आवळलात तर पैसे देऊन मऊ केलेलं परत कडक केलंत.

पाऊस ओसरल्यावर पहिल्या रविवारी बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नेला. पहाटे जी ब्लॉकमध्ये सायकलवाले असतात, गाडी शिकणारे असतात, बाकी रस्ता रुंद आणि मोकळा. दोन-तीन पुश मारले, पाय वर घेतला, आणि सवयीने टाचेवर भार दिला. बोर्ड वळला. मी वळवला असं म्हणवत नाही, मी विचार केला आणि तो वळला. मग बोटांवर भार, तर दुसरीकडे. पुन्हा टाच, पुन्हा बोटं. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लांबच लांब वळणं. प्रत्येक वळणाच्या तळाशी कडं दाबलं गेलेलं तळव्याला कळतं, आणि ते परत फुगताना तुम्हाला अलगद पुढच्या वळणात सोडतं. खांदे आपोआप सैल झाले. श्वास वळणांबरोबर चालू लागला, आत घेताना एक बाजू, सोडताना दुसरी. मी मोठ्याने गात होते हे मला शेजारून गेलेल्या सायकलवाल्याने वळून पाहिलं तेव्हा कळलं. तरी थांबले नाही.

तेहतीस वर्षं बँकेत काम केलं. तिथे शरीर ही फक्त खुर्चीपर्यंत न्यायची गोष्ट होती. नंतर मुलांचं, सासूबाईंचं, मग स्वतःच्या तपासण्यांचे रिपोर्ट. शरीराकडे पाहिलं ते दुखलं तेव्हाच. या रस्त्यावर ते आनंदासाठी वापरायला मिळतं. त्याला नाव द्यायचं तर मी प्रार्थना म्हणेन, आणि हे मी जपून म्हणतेय.

स्पर्धेचं काही डोक्यात नाही. ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग टोकियोपासून आलं, तेही फक्त स्ट्रीट (जिने-कठड्यांवरचं) आणि पार्क (खोलगट वाडग्यांतलं), लाँगबोर्ड त्यात नाही. पण पॅरिसला 2024 मध्ये पार्क प्रकारात ब्रिटनचा अँडी मॅकडॉनल्ड 51 व्या वर्षी उतरला होता, आणि महिलांच्या पार्कमध्ये चीनची झेंग हाओहाओ 11 वर्षांची होती. वय विचारणाऱ्यांना मी आता हे दोन आकडे सांगते. आणि लाँगबोर्डवर तर उडी मारायची नाही, कठड्यावरून घसरायचं नाही. उभं राहायचं आणि वळायचं.

बाकी झटपट. फळी उत्तम, एक टवकाही नाही. ग्रिप टेप ठीक. पायाने ब्रेक लावता त्या बुटाचा तळ झिजतो, म्हणून जुने कॅनव्हास वापरा, नवे घेऊ नका. हेल्मेट हवंच. त्याहून आग्रह धरते मनगटाच्या गार्डचा. तोल गेला की हात आपोआप पुढे जातात, आणि पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडं विरळ होत जातात, मनगट तर पहिल्यांदा मोडणाऱ्यांतलं. इथे काटकसर करायची नाही, मी केली नाही. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी नेऊ नका, गर्दीत ना तुम्हाला मजा ना चालणाऱ्यांना.

घ्यावा का? हो, याच किमतीत, पण बुशचे हजारेक रुपये आधीच बाजूला काढून. दुकानाला मी लेखी कळवलं आहे की विकताना वजन विचारा आणि तीन प्रकारचे बुश ठेवा. उत्तर आलेलं नाही.

सध्या मागचा ट्रक डावीकडे वळताना कुरकुरतो. पिव्हट कपमध्ये, म्हणजे ट्रकचं टोक ज्यात फिरतं त्या छोट्या वाटीत, कपड्याच्या साबणाचा किस टाकला की काही दिवस गप्प बसतो. पण कपच बदलायला झालेत असं वाटतं. 180 मिमीच्या ट्रकचे सुटे पिव्हट कप मुंबईत कुणी घेतले असतील तर कुठे आणि कितीला ते कळवा.