जलविद्युत प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचे भाषांतर : कोल्हापुरातील एका केंद्राचा अनुभव

सह्याद्रीतील एका मोठ्या जलविद्युत प्रकल्पाच्या जनसुनावणीपूर्वी आम्ही त्याच्या इंग्रजी पर्यावरण अहवालाचे भाषांतर कोल्हापुरातील एका छोट्या भाषांतर केंद्राकडून करून घेतले. प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या सरकारी अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे हाताशी वेळ थोडा होता. भाषांतर केंद्राने दिलेली तारीख पाळली.

अधिकृत मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात पाहता येतो, परंतु धरणाखालच्या नदीत उन्हाळ्यात किती पाणी सोडले जाईल, याचा हिशेब आम्हाला मूळ अहवालाच्या परिशिष्टातच सापडला, आणि नेमका तोच भाग केंद्राने अतिशय स्वच्छ, शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत उतरवला आहे. राजर्षी शाहूंनी राधानगरीचे धरण उभारायला घेतले, त्या जिल्ह्यात पाण्याचे कागद मराठीत मिळायलाच हवेत, असे मला मनापासून वाटते.

मात्र ‘वनजमीन’ आणि ‘पडीक जमीन’ यांत दोन ठिकाणी गल्लत झाली होती. वनजमिनीच्या वापरासाठी पर्यावरणीय मंजुरीखेरीज स्वतंत्र वनमंजुरी लागते, त्यामुळे ही चूक किरकोळ नव्हे. दाखवून देताच दुरुस्त पाने त्याच संध्याकाळी मिळाली. तक्त्यांचे शुल्क वेगळे पडते, ते आधीच विचारून घ्यावे.