स्वबळ की आघाडी, आणि चेहरा कुणाचा? पुण्यातल्या डाव्या कार्यकर्त्याला ठरवायचं असेल तर

निकाल लागला की डाव्यांच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. नेतृत्व बदलायचं का, आणि पुढच्या वेळी आघाडीत जायचं का? दोन्ही एकदम चर्चेला घेतले की बोलणं माणसांवर घसरतं आणि रात्री दहाला बैठक तशीच उठते. म्हणून इथे ते वेगवेगळे घेतले आहेत. समोर माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) आणि शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) धरले आहेत, कारण तुलनेला लागणारे महाराष्ट्रातले ताजे निकाल त्यांचेच आहेत.

आधी आघाडी. २०२४च्या विधानसभेला महाविकास आघाडीने माकपला डहाणू आणि कळवण या दोन जागा सोडल्या. डहाणूत विनोद निकोले ५,१३३ मतांनी आले. २०१९मध्ये ते ४,७०७ मतांनी आले होते. कळवणला जे. पी. गावित पडले. आघाडी तीच, चिन्ह तेच. शिवाय त्याआधी लोकसभेला गावितांनी दिंडोरीतून भरलेला अर्ज मागे घेतला होता आणि आघाडीचे भास्कर भगरे निवडून आले होते. म्हणजे मित्रपक्षावर उपकारही झालेला होता. पण कळवणला समोर नितीन पवार होते, माजी मंत्री ए. टी. पवारांच्या घरातले, गावोगाव स्वतःची माणसं असलेले. आघाडीची मतं मिळूनही तो फरक भरून निघाला नाही.

आता सोलापूर शहर मध्य आणि सांगोला शेजारी ठेवून पाहा, कारण दोन्हीकडे आघाडी मोडली होती. सोलापुरात माकपने लोकसभेला काँग्रेसला पाठिंबा दिला आणि विधानसभेला माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांसाठी जागा मागितली. काँग्रेसने तिथे स्वतःचा उमेदवार दिला. दोघेही पडले, भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले. सांगोल्यात शेकापसमोर शिवसेनेच्या ठाकरे गटाचा उमेदवार होता, तरी बाबासाहेब देशमुख जिंकले. मित्रपक्षाने शब्द न पाळल्यावर एक जागा गेली आणि एक आली. सांगोल्यात गणपतराव देशमुखांनी अकरा वेळा जिंकलेला मतदारसंघ होता, गावागावात बूथवर बसणारा माणूस होता. सोलापूर मध्यचा यंत्रमाग आणि विडी कामगारांचा आधार २००९पासूनच काँग्रेसकडे सरकत गेला होता.

यातून एक साधी कसोटी निघते. मित्रपक्ष ऐन वेळी फिरला तर आपली स्वतःची मतं किती उरतात? तो आकडा माहीत असल्याशिवाय जागावाटपाला बसू नये. माहीत नसेल तर समोरचा पक्ष तो आपल्याला सांगतो, आणि नेहमी कमीच सांगतो.

राज्याबाहेरही हेच दिसतं. बंगालमध्ये २०१६ला डावे आणि काँग्रेस एकत्र लढले. काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या, माकपला २६, आणि विरोधी पक्षनेतेपद काँग्रेसकडे गेलं. २०२१ला दोघांनाही भोपळा. बिहारमध्ये भाकप (माले) लिबरेशनने महागठबंधनात राहून २०२०ला १२ जागा जिंकल्या, २०२५ला त्याच आघाडीत २. तमिळनाडूत मात्र द्रमुकच्या आघाडीत दोन्ही कम्युनिस्ट पक्षांनी २०१९ आणि २०२४ला प्रत्येकी दोन खासदार आणले. तिथे जागा लवकर ठरतात आणि मोठा पक्ष आपली मतं खरोखर वळवतो. महाराष्ट्रात एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारे कागद, शेवटच्या दिवशी निघतात, आणि ‘मैत्रीपूर्ण लढत’ हा शब्द छोट्या पक्षाला बुडवायलाच वापरला जातो.

पुणे महापालिकेचं गणित विधानसभेहून वेगळं आहे, आणि इथे स्वबळवाल्यांनी थांबून विचार करावा. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. एक प्रभाग सोडला तर सगळे चार सदस्यांचे. मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मतं द्यावी लागतात. प्रभागाची लोकसंख्या सरासरी ८० हजारांच्या आसपास, निवडून यायला साधारणपणे पाच आकडी मतं लागतात. मतदार पॅनेलला मत देतो: एका चिन्हापासून सुरू करतो आणि खाली तेच चिन्ह शोधतो. तुमचा एकटा उमेदवार ‘क’ जागेवर असेल तर अ आणि बला दुसरं चिन्ह दाबून आलेलं बोट कला तुमच्यापाशी थांबेलच असं नाही. वस्तीतल्या ८०० घरांत तुमचं काम असेल, पण त्याच प्रभागात समोरच्या सोसायट्यांचे वीस बूथ असतील तर ते काम त्यात बुडून जातं. एक सदस्याच्या वॉर्डात एकट्याने लढणं शक्य होतं. चारच्या प्रभागात पॅनेलशिवाय उतरणं म्हणजे कार्यकर्ते दमवणं.

या शहराने डाव्या विचाराचे खासदार दोनदा दिले: १९५७ला नानासाहेब गोरे, १९६७ला एस. एम. जोशी. गोरे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत आले, म्हणजे आघाडीतूनच. पण त्या आघाडीचा प्रश्न घराघरांत पोचलेला होता. आजच्या आघाड्यांचा करार नेत्यांच्या बंगल्यावर होतो.

आपली मतं किती, हे शोधण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलंही जातं. युनियनची सभासदसंख्या म्हणजे मतं नव्हेत. समजा जनता वसाहतीत घरकामगार संघटनेच्या १२० सभासद आहेत. सभासद रजिस्टर आणि मतदार यादी शेजारी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा. पहिल्याच पानावर अडचण येते. रजिस्टरमध्ये ‘सुनीता’, यादीत ‘सुनंदा’. घर क्रमांकाच्या रकान्यात शून्य. नवऱ्याचं नाव एका भागात, बायकोचं दुसऱ्या. काही जणींचं मत बीड-लातूरकडच्या गावात आहे आणि ते त्यांना काढायचं नसतं, कारण ग्रामपंचायतीला भावकी बोलावते. अशांना कार्यकर्ते घाईने नवीन नावनोंदणीचा नमुना ६ भरून देतात. नाव दोनदा लागतं आणि पडताळणीत उडतं. ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी पत्ता बदलाचा नमुना ८ भरावा. महापालिकेला ठरावीक तारखेची विधानसभा यादीच फोडून वापरतात; जानेवारी २०२६च्या निवडणुकीला ती १ जुलै २०२५ची होती. निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदणीला धावलेल्यांची मेहनत वाया जाते.

मागच्या विधानसभेची बूथनिहाय मतं नमुना २०मध्ये मिळतात. त्यावरून आपल्या वस्तीच्या बूथवर कोण किती चाललं ते कळतं. पुढच्या वेळी प्रत्येक बूथवर असा एजंट बसवा जो सकाळच्या मॉकपोलला (यंत्राच्या चाचणी मतदानाला) हजर असेल आणि मतदान संपल्यावर १७-सीची, म्हणजे बूथवर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेऊनच उठेल. दुपारी चारला जेवायला गेलेला एजंट परत येत नाही, आणि मोजणीच्या दिवशी ताडून पाहायला हातात काही नसतं.

आता चेहऱ्याचा प्रश्न. माकपने केंद्रीय समितीसाठी ७५ वर्षांची मर्यादा घातली, सचिवपदाला तीन मुदतींची मर्यादा आहे, आणि एप्रिल २०२५मध्ये मदुराईत एम. ए. बेबी सरचिटणीस झाले. हे नियम चांगले आहेत. खालच्या समित्यांत तरुणांना जागा मिळते ती त्यांच्यामुळेच. पण त्याने पुण्यातल्या एका बूथची मतं वाढतील अशी आशा धरू नये. मतदारसंघातला चेहरा मात्र मोजावा लागतो. डहाणूत २००९ला राजाराम ओझरे जिंकले, २०१४ला जागा गेली, २०१९ला निकोले हा नवा माणूस उभा केला आणि ती परत आली. उमेदवार बदलूनही मतं टिकली, कारण १९४५च्या वारली आंदोलनापासून तिथे संघटना आहे. (ते उभं करणाऱ्या गोदावरी परुळेकर मूळच्या पुण्याच्या.) सांगोल्यात गणपतराव उभे नव्हते त्या २०१९मध्ये शेकाप ७६८ मतांनी हरला, जागा परत आणायला पुन्हा देशमुख घरातलाच नातू लागला. पुण्यात डाव्यांकडे असं घर नाही, त्यामुळे डहाणूचीच वाट उपयोगाची आहे, आणि ती लांबची आहे.

ठरवायचं असेल तर माझं मत असं. महापालिकेला आघाडीतच जावं, पण एक-दोन प्रभागच मागावेत आणि जागेचं अक्षर, म्हणजे अ, ब, क की ड, निवडणूक जाहीर होण्याआधी लेखी ठरवून घ्यावं. विधानसभेला, यादीशी ताडलेली स्वतःची मतं अनामत वाचवायला लागणाऱ्या, वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या जवळपासही पोचत नसतील तर उमेदवार देऊ नये. अनामत जप्त झाल्याची बातमी पुढची पाच वर्षं जागावाटपात आपल्याच तोंडावर फेकली जाते. नेतृत्वबदलाचा ठराव बैठकीत मांडायचा असेल तर तोही मांडा, पण सोबत प्रभागाचा तक्ता न्या: सभासद किती, यादीत किती सापडले, किती बूथवर संध्याकाळपर्यंत बसणारा माणूस आहे.