थंड सूप: टोमॅटोचं की तवशाचं?

उकाड्यात न शिजवता होणारं सूप म्हणजे स्पेनच्या आंदालुसियातलं गास्पाचो. गोव्यात ते दोन तऱ्हांनी छान जमतं.

टोमॅटोचं मूळ वळणाचं. अर्धा किलो लालभडक, पिकलेले टोमॅटो, थोडी भोपळी मिरची, लसणाची एक पाकळी, ऑलिव्ह तेल. दाटपणासाठी तिकडे शिळा पाव घालतात; आपण कालची पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, भिजवून घालावी. तिच्यातल्या कोंड्यामुळे सूप जरा भरभरीत होतं, मला तेच आवडतं. आंबटपणाला माडाच्या सुरेचा व्हिनेगर, पण दोनच चमचे, कारण तो चटकन वरचढ होतो. हे सूप रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की चव मुरते.

दुसरं तवशाचं, म्हणजे काकडीचं, नारळाच्या दुधातलं. तवसं आधी चाखून घ्यावं, देठाकडे कडू असतं. हिरवी मिरची, कोथिंबीर, आल्याचा बारीक तुकडा आणि वाढताना कोकमाचं आगळ. सोलकढीची सवय असलेल्या घरात हे लगेच आपलंसं होतं. मात्र नारळाच्या दुधातलं खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे फ्रीजमध्ये फार वेळ राहिलं तर वर पांढऱ्या कण्या धरतात. ऑलिव्ह तेल गोठायला त्याहून बरीच जास्त थंडी लागते. म्हणून हे केल्या दिवशीच, माफक गार करून प्यावं.

पाहुणे येणार असतील तर मी आदल्या रात्री टोमॅटोचंच करेन. एरवी दुपारच्या जेवणाला माझं मत तवशालाच, सोबत तळलेला बांगडा असेल तर नक्कीच.