केंदाळ जिवंत सोडायचं की वाळवून वापरायचं? प्लेटिंगवाल्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत निकेल-झिंक प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा द्यायचं, छोटं शॉप असलेला मित्र परवा म्हणाला, केंदाळ, म्हणजे जलपर्णी, टाकलं की सांडपाण्यातला धातू जातो म्हणे, मग तो खाली बसवायला चुन्याचा खर्च कशाला? जातो की, पण कसलं केंदाळ आणि कसल्या पाण्यात ते बघाय पाहिजे.

जिवंत केंदाळ मुळांनी धातू ओढून घेतं हे खरं, पण त्याला दिवसच्या दिवस लागतात, तळं लागतं, आणि बाथचं, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं, पाणी जरा जास्त आलं की झाड पिवळं पडून मरतं, मग कुजताना धरलेलं बरंचसं परत पाण्यात सोडतं. शेडच्या मागं गाडी लावायला जागा नाही तिथं तळं कुठं खणणार? आणि पावसात चार रोपं वाहून बळ्ळारी नाल्यात गेली तर शेतकरी तुम्हालाच शिव्या घालणार.

वाळलेल्या मुळांचा भरडा मला जास्त पटतो. मेलेलं झाड विषानं परत मरत नाही, आणि काम दिवसांत नाही, तासा-दोन तासांत होतं. निकेल, झिंक, तांबं पीएच ५-६ ला चांगलं चिकटतं, पाणी आंबट असलं की त्या जागा आम्लच अडवतं. मी चार इंची पीव्हीसी पाइपात भरून बघितलं, पहिल्यांदा बारीक दळलं तर पाइपच चोंदला, जाडसर केलं तर सुरुवातीचं पाणी चहासारखं लाल, म्हणून भरडा आधी धुऊन घ्या. १०० किलो ओल्या केंदाळातून जेमतेम ५-६ किलो सुकं निघतं, हेपण धरा.

पण चुना सुटत नाही. निकेल नीट खाली बसायला पीएच १० च्या आसपास न्यावा लागतो, पाणी बाहेर सोडायची मर्यादा ६ ते ९, म्हणजे पीएच परत उतरवायचाच आहे, तो ६ ला आणून उरलंसुरलं भरड्यातून काढा. निकेलला लिटरला ३ मिलिग्रॅम चालतं, सहा-संयुजी क्रोमला फक्त ०.१, त्यामुळं क्रोमचं पाणी वेगळंच ठेवा, आधी मेटाबायसल्फाइट घालून ते तीन-संयुजी करा मग चुना, तिथं केंदाळावर भरवसा नको.

वापरलेला भरडा घातक कचऱ्यातच जातो, चुन्यानं खाली बसलेल्या गाळासारखाच (स्लज). आमच्याकडं एकानं पोतं बंबात जाळायला घरी नेलं होतं, अर्ध्या वाटेतनं परत आणवलं, जळून केंदाळ जातं, निकेल राखेत तसंच राहतं.