अवतरणचिन्हांतला पहिला नंबर

वेबसाइट सुरू करून चार महिने झाले होते आणि गूगलला तिचा पत्ताच नव्हता. विषय साधा, सायकलची दुरुस्ती घरच्या घरी कशी करायची. चेन बदलणं, ब्रेक कसणं, वाकडं झालेलं चाक स्पोक आवळून सरळ करणं. फोटो मीच काढलेले, ग्रीसने माखलेल्या हातांनी. पण साइटचं अख्खं नाव टाइप केलं तरी भलत्याच कुणाच्या साइट समोर यायच्या. अशात एक मेल आला, ‘तुमची वेबसाइट गूगलवर दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का?’ ठाऊक होतं आणि तेच डोक्यात बसलं होतं. एरवी असले मेल मी न वाचता उडवतो. याला मी उत्तर दिलं.

पाच मिनिटांत मेलवाल्याचा फोन. “सर, गूगलने तुमची साइट अडवून ठेवलीय. आमचं तिकडे डायरेक्ट सबमिशन असतं. आठ दिवसांत दिसायला लागेल. पुढे सहा महिन्यांत दहा कीवर्डवर, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांवर, पहिलं पान, लेखी गॅरंटी.” साइट ज्यावर बांधली त्या वर्डप्रेसचा पासवर्ड मी दिला, डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, खात्याचाही दिला. आठवा दिवसही उजाडावा लागला नाही, सहाव्याच दिवशी साइट गूगलवर दिसू लागली. मी त्याचे मनापासून आभार मानले आणि वर्षभराचे पैसे आगाऊ भरून टाकले.

त्या सहा दिवसांत त्याने नेमकं काय केलं, ते मला सात महिन्यांनी कळलं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ नावाचं पान असतं. तिथे तळाशी एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट आपल्या यादीत घेऊ नये असं सांगणारा. साइट बांधत असताना अर्धवट पानं कुणाला दिसू नयेत म्हणून त्यावर मीच टिकमार्क केली होती आणि काढायला विसरलो होतो. त्या एका खुणेमुळे माझ्या प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ अशी सूचना लागत होती. गूगलचा बॉट, म्हणजे वेबवरची पानं आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम, पान वाचत होता, सूचना बघत होता आणि निमूट परत जात होता. कुणी अडवलं नव्हतं, कुणाशी ओळख लागणार नव्हती. त्या गृहस्थाने टिकमार्क काढली, एवढंच. एका क्लिकचं काम, तेही फुकटात होणारं. पण त्या क्लिकवर माझा त्याच्यावर इतका विश्वास बसला, की पुढे कित्येक महिने मी काहीच तपासलं नाही.

तुमची साइट दिसत नसेल तर कुणालाही फोन करण्याआधी गूगलच्या शोधचौकटीत ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत, पुढे कोलन आणि त्याला चिकटून आपला पत्ता, असं टाइप करून बघा. काहीच आलं नाही, तर साइट बहुधा यादीतच नाही. मग आधी तो चौकोन बघा. नंतर रोबोट्स फाइल बघा, कारण बॉटने कुठे जाऊ नये हे तिच्यात लिहिलेलं असतं आणि चुकून अख्खी साइटच बंद केलेली असू शकते. पानं यादीत आहेत पण खूप मागे आहेत, हे दुखणं वेगळं आणि त्याचं औषधही वेगळं. माझ्या डोक्यात या दोन्हींचा काला झाला होता, आणि नेमकं त्याच्याच जोरावर त्याने मला गंडवलं.

मग दर महिन्याला रिपोर्ट येऊ लागला. बावीस पानी, रंगीत, हिरवे बाण सगळे वर जाणारे. ‘डोमेन ऑथॉरिटी ४ वरून १९.’ मी घरात सांगत सुटलो. साइट शोधात किती वर येईल याचा अंदाज म्हणून हा आकडा मोझ नावाच्या कंपनीने स्वतःच्या हिशेबाने काढलेला असतो, १ ते १०० मध्ये. गूगल तो रँकिंगसाठी वापरत नाही, हे मला कुठे ठाऊक? दुसऱ्या एका पानावर ‘मेटा कीवर्डमध्ये २०० शब्द भरले’ असं अभिमानाने लिहिलेलं होतं. मेटा कीवर्ड हा पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा टॅग. वेब सर्चच्या रँकिंगसाठी आपण तो बघतच नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलेलं आहे.

पाचव्या महिन्यात तो स्क्रीनशॉट आला. माझं पान, पहिला नंबर, भोवती लाल गोल. मी तो मामेबहिणीला पाठवला. तिची स्वतःची साइट आहे, आणि ती माझ्यासारखी भोळी नाही.

“दादा, हे वाक्य कुणी टाइप करेल असं तुला वाटतं?”

वाक्य होतं, ‘सायकल चेन बदलणे सोपी सचित्र घरगुती संपूर्ण मार्गदर्शन पद्धत’. मी म्हटलं, करत असतील लोक. ती म्हणाली, “बरं, चित्र मोठं करून बघ. शोधायच्या चौकटीत वाक्याच्या आधी आणि नंतर काय आहे?”

मोठं केलं. वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत होतं. असं शोधलं की गूगल फक्त तीच पानं दाखवतं ज्यांत अगदी तेच शब्द, त्याच क्रमाने आहेत. आणि ते वाक्य माझ्या पानाच्या शीर्षकात त्यानेच घातलेलं होतं. गूगलच्या यादीत ते दोनच ठिकाणी होतं. एक माझं पान. दुसरं म्हणजे त्यानेच कुठल्याशा साइटवर टाकलेली लिंक निघाली. दोघांच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो! उरलेले नऊ कीवर्डही याच वळणाचे. करार काढून वाचला, तर सातव्या कलमात स्वच्छ लिहिलेलं, ‘कीवर्डची निवड सेवा देणारा करेल.’ म्हणजे गॅरंटी त्याने शब्दशः पाळली होती, भांडायला जागाच ठेवली नव्हती.

बहिणीचा पुढचा प्रश्न होता, सर्च कन्सोल कुणाच्या नावावर आहे. मला ते नावच नवीन. आपली साइट कोणत्या शब्दांना दिसली, किती क्लिक आले, सरासरी कितव्या क्रमांकावर होती, हे गूगल साइटच्या मालकाला तिथे फुकट दाखवतं, मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं. त्याने ते स्वतःच्या खात्यावर उघडलं होतं आणि मला त्यात घेतलंच नव्हतं. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे पत्त्याच्या नोंदींमध्ये, गूगलने दिलेली एक ओळ टाकून मी मालकी सिद्ध केली. दार उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे त्याच्या दहा वाक्यांपैकी एकही लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या यादीत नव्हतं. अगदी मोजके लोक शोधतात असे शब्द गूगल त्या यादीत दाखवतच नाही. यादीत काय होतं? ‘सायकलची चेन सारखी उतरते.’ ‘मागचं चाक डुगडुगतं.’ ‘ब्रेक दाबला की कर्रकर्र आवाज.’ लोक मार्गदर्शन शोधत नाहीत, कुरकुर जशीच्या तशी टाइप करतात. अशा शब्दांवर मी आपला आपणच तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकावर पोचलो होतो. त्या शब्दांसाठी एका पानाचीही डागडुजी कुणी केली नव्हती.

दुसरी गोष्ट होती ‘मॅन्युअल अॅक्शन’च्या, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईच्या, पानावर. साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंकबद्दलची नोटीस. तारीख सात आठवड्यांपूर्वीची. म्हणजे सूचना वेळेवर आली होती, ती गेली त्याच्याकडे, आणि त्याने पुढच्या महिन्याचा हिरवा रिपोर्ट पाठवून दिला.

लिंकची यादी उघडली तर सहाशेच्या वर साइट. जुगाराच्या, वजन कमी करायच्या गोळ्यांच्या, काहींची नावं धड उच्चारता येऊ नयेत अशी. सगळीकडून माझ्या पानाकडे तेच ते मार्गदर्शनाचं वाक्य. या धंद्याचं मूळ जुनं आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँकची, म्हणजे पानांचं महत्त्व मोजायची, कल्पना मांडली तेव्हा एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही जणू शिफारस धरली. शिफारशीला किंमत आली की ती विकणाराही येतोच. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणून अशा विकतच्या लिंकवर झोड उठवली, आणि २०१६ पासून ते काम मूळ यंत्रणेतच सतत चालू असतं. म्हणजे माझ्यासाठी खरेदी केलेला माल कित्येक वर्षांपूर्वी शिळा झालेला होता.

मी फोन केला. तो जराही गडबडला नाही. “सर, गूगलचा अपडेट आलाय, सगळ्यांचंच पडलंय. विषारी लिंक काढायचं आमचं वेगळं पॅकेज आहे.” आग लावून पाण्याचे पैसे मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. तेव्हा हेही सांगून ठेवतो. लिंक नाकारण्याचं ‘डिसअव्हाऊ’ हे साधन गूगलचंच आहे आणि फुकट आहे. बहुतेक साइटना त्याची गरजही पडत नाही, कारण भंगार लिंककडे गूगल आपसूक दुर्लक्ष करतं. तुमच्याकडे अशी नोटीस नसताना कुणी ‘विषारी लिंक’ म्हणून घाबरवत असेल, तर तो फक्त पाकीट चाचपतोय.

निस्तरायला तीन महिने गेले. पासवर्ड बदलले. डोमेनच्या खात्यात संपर्काचा ईमेल त्याने गुपचूप स्वतःचा घातला होता, तो आधी बदलला. नाहीतर पासवर्ड विसरल्याचं सांगून तो पुन्हा आत आला असता. सर्च कन्सोलमधून त्याला काढलं, तरी बहीण म्हणाली थांब. मालकी सिद्ध करायला त्याने साइटवर एक छोटी एचटीएमएल फाइल ठेवली होती. ती राहिली असती तर तो केव्हाही पुन्हा मालक झाला असता. फाइल उडवली.

मग लिंकवाल्यांना मेल. चाळीस-पन्नास जणांनी लिंक काढली, चौघांनी काढण्याचे पैसे मागितले, बाकीच्यांचे पत्तेच खोटे. उरलेल्यांची यादी डिसअव्हाऊच्या फाइलमध्ये घातली आणि फेरविचाराचा अर्ज केला. पहिला फेटाळला गेला. त्यात मी नुसतं गाऱ्हाणं गायलं होतं, मी कसा फसलो वगैरे. दुसऱ्यात काय काढलं, कुणाला केव्हा लिहिलं, याचा तक्ता जोडला. तो मान्य झाला.

गूगलच्या मदतपानावर हे सगळं आधीपासून लिहिलेलं आहे, याचा मला जास्त राग येतो. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. खास सबमिशन नावाचा प्रकार अस्तित्वात नाही. कामाचा परिणाम दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं. साइट शोधात वर आणायचं काम करणारे, म्हणजे एसईओवाले, चांगलेही असतात, बहिणीने एकाचं काम घेतलंही आहे. त्याने पहिल्याच दिवशी सर्च कन्सोल तिच्या नावावर ठेवून स्वतःसाठी फक्त बघण्याची परवानगी मागितली. कीवर्ड तिच्याशी बसून, सर्च कन्सोलच्याच यादीतून निवडले. आमच्या महाशयांना मी हे विचारलं असतं तर दुसरा फोनच आला नसता.

आता मी शीर्षकं बदलतोय, महिन्याला तीन-चार पानं होतात. ‘सोपी सचित्र घरगुती संपूर्ण’ काढून तिथे ‘सायकलची चेन सारखी उतरते? आधी हे तपासा’ असं लिहिलं, आणि उत्तर तळाशी होतं ते वर आणलं. काल बघितलं तर त्या पानाची सरासरी जागा ११.४ आहे. दुसऱ्या पानावर, अगदी वरच्या बाजूला. अवतरणचिन्हांशिवाय.