सोनौलीहून अन्नपूर्णा की रक्सौलहून लांगटांग?

दिवाळीत सॅक पाठीवर टाकून नेपाळला जायचं, हे आमच्या ट्रेकच्या टोळक्यात दरवर्षी गणपतीत ठरतं आणि दरवर्षी एकाच प्रश्नाशी येऊन अडतं. अन्नपूर्णा बेस कॅम्प की लांगटांग? मग फोटोंची देवाणघेवाण सुरू होते. फोटोंवरून आजवर काही ठरलेलं मी पाहिलेलं नाही, कारण दोन्हीकडचे फोटो देखणेच असतात. मी दोन्ही वाटा केल्यात, दोन्ही वेळा नाशिकरोडच्या फलाटावरून निघून, विमान न घेता. त्यातून माझं एक मत पक्कं झालं: डोंगर नंतर ठरवा, आधी सीमा ठरवा. उत्तर प्रदेशातल्या सोनौली नाक्याने गेलात तर पुढे पोखरा आणि अन्नपूर्णा; बिहारमधल्या रक्सौलने गेलात तर काठमांडू आणि लांगटांग. कुठल्या नाक्याने आत शिरलात यावर पुढचे तीन-चार दिवस अवलंबून असतात, आणि त्या तीन-चार दिवसांत दमलेलं शरीर घेऊनच तुम्ही चढाला लागता.

सोनौलीची बाजू सोपी आहे. कुशीनगर एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि साधारण सव्वा दिवसात गोरखपूरला सोडते. तिथून सोनौली शंभरेक किलोमीटर. बसने तीन तास धरा. पुढे कमानीखालून चालत पलीकडे गेलं की बेलहिया, म्हणजे नेपाळ. भारतीयांना व्हिसा नाही, शिक्का नाही, रांगही बहुतेकदा नाही. सशस्त्र सीमा बलाचा जवान सॅक उघडायला सांगेल तेवढंच. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, की झालात परदेशी. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे इतकं साधं वाटतं की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

रक्सौलला आपल्याकडून रोजची थेट गाडी नाही. आठवड्यातली एखादी साधायची, नाहीतर वाटेत गाडी बदलायची. पलीकडे वीरगंज. नेपाळचा मोठा व्यापार याच नाक्यातून होतो, त्यामुळे ट्रकच्या रांगा, धूळ, हॉर्न आणि त्यातून वाट काढणारे टांगे. सोनौलीपेक्षा हे गाव मला जास्त खरं वाटलं, पण सव्वा दिवसाच्या प्रवासानंतर खऱ्याखुऱ्या गोष्टींचं कौतुक करायचं त्राण नसतं.

दिवाळीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. त्या दिवसांत उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाड्या दिवाळी आणि छठसाठी घरी निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेल्या असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वर्षभर राबणारी मंडळी ती. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि चहा उकळेपर्यंत प्रतीक्षा यादी लागते. रक्सौलच्या गाड्यांना तर विचारूच नका. शाळांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये गेलात तर गाडीत बसायला जागा मिळेल आणि डोंगरात लालीगुराँस (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असेल. मात्र दुपारनंतर ढग येतात, त्यामुळे जे काही बघायचं ते सकाळी नऊच्या आत.

नाका ओलांडल्यावरचा रस्ता हा तुलनेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. सोनौलीहून भैरहवा, बुटवल आणि मग सिद्धार्थ राजमार्गाने पाल्पामार्गे पोखरा. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, पण बस आठ-नऊ तास घेते. पोखऱ्यात तलावाकाठी एक दिवस पाय पसरले की शीण जातो. वीरगंजहून काठमांडूला जायला सुमो मिळते. हेटौंडा, भीमफेदी, कुलेखानी अशी ती वर चढते. कसारा घाट संपायलाच तयार नाही अशी कल्पना करा, पुढच्या सीटवर बसलेल्याच्या मांडीवर कोंबड्यांची टोपली ठेवा, आणि पाच-सहा तास तसेच बसा. हे झालं काठमांडूपर्यंत. लांगटांगसाठी दुसऱ्या दिवशी पहाटे काठमांडूतल्या माछापोखरीहून पुन्हा बस, त्रिशूली आणि धुन्चे करत स्याब्रुबेसीपर्यंत आणखी सात-आठ तास. गाडी लागणाऱ्यांनी इथेच निर्णय घेऊन टाकावा.

उलट घरच्यांचं मन राखायचं असेल तर रक्सौलचं पारडं जड. त्र्यंबकेश्वर उशाशी असताना काठमांडूतल्या पशुपतिनाथाचं दर्शन न घेता नेपाळहून परत आलेल्या मुलाला आमच्या आईने आठवडाभर ऐकवलं होतं. तो मुलगा मीच, सोनौलीमार्गे गेलेला.

आता उंची. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडचे ट्रेकर याच बाबतीत फसतात. नाशिक सहाशे-सातशे मीटरवर आहे. कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. साल्हेर १५६७. म्हणजे आपण आयुष्यभर जितकं चढलो ते सगळं अन्नपूर्णेच्या वाटेवरच्या छोम्रोंग गावाच्या (२१७० मीटर) खालीच संपतं. हरिहरच्या पायऱ्या न थांबता चढणारा पोरगाही ३५०० मीटरवर रात्री डोकं धरून बसतो. दम किती आहे याचा आणि विरळ हवा सोसण्याचा काही संबंध नाही. नेपाळीत याला लेक लागणं म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं ही सुरुवात; तोल जायला लागला, बोलणं तुटक झालं, बसल्या जागी धाप लागली तर वाट न बघता खाली उतरायचं, रात्र असली तरी. सर्वसाधारण नियम असा की ३००० मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये.

या नियमाने दोन्ही वाटा मोजा. अन्नपूर्णेकडे बहुतेक लोक देउरालीला (साधारण ३२०० मीटर) झोपतात आणि दुसऱ्या दिवशी थेट ४१३० मीटरच्या बेस कॅम्पवर मुक्काम करतात. उडी नऊशे मीटरची. त्यापेक्षा ३७०० मीटरवरच्या माछापुच्छ्रे बेस कॅम्पला थांबावं, पहाटे टॉर्च लावून वर जावं, अन्नपूर्णेवर ऊन पडताना बघावं आणि दुपारपर्यंत खाली यावं. उंचावर एकच रात्र जाते, हा या वाटेचा मोठा फायदा.

लांगटांगमध्ये लामा होटेलहून (अडीच हजाराच्या आसपास) लोक एका दिवसात लांगटांग गावी, ३४३० मीटरला पोचतात. ही उडीही साडेनऊशेची, आणि ती लवकर येते. मध्ये घोडा तबेला नावाची जागा आहे, साधारण ३००० मीटरवर. नाव ऐकून हसू येतं, पण तिथे एक रात्र काढाच. पुढे क्यान्जिन गोम्पा ३८७० मीटर, आणि तिथे दोन-तीन रात्री राहायचं असतं. तिथूनच क्यान्जिन री किंवा पाच हजाराला टेकलेली चेर्को री चढून पुन्हा त्याच खोलीत झोपायला येता येतं. उंच चढा, खाली झोपा हे तत्त्व इथे आपोआप पाळलं जातं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा, विशेषतः सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर.

गुडघ्यांचं गणित मात्र उलटं आहे. अन्नपूर्णेची वाट म्हणजे दगडी पायऱ्या. छोम्रोंगहून नदीपर्यंत उतरायचं आणि समोर तितकंच चढायचं, येताना पुन्हा तेच. सप्तशृंगी गड दिवसातून चार-पाचदा केल्यासारखं. लांगटांगची वाट नदीच्या कडेने हळूहळू वर जाते. पन्नाशी ओलांडलेल्यांना मी डोळे झाकून लांगटांग सांगतो.

पैशांचं बोलू. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. नाक्यावर कोणी याहून कमी देऊ लागला तर पुढच्या दुकानात जा. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे अनेकदा बदललेत, म्हणून शंभराच्या नोटा नेणं बरं. शहरात फोनपेचा (नेपाळची Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर असेल तिथे आपलं यूपीआय २०२४ पासून चालतं, डोंगरात रोखच. सार्क देशांच्या नागरिकांना अन्नपूर्णेचा परवाना १००० नेपाळी रुपये आहे आणि लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क १५००, म्हणजे आपले अनुक्रमे ६२५ आणि साधारण ९४०. फरक एका जेवणाचा. ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड किंवा पासपोर्ट. सगळीकडे चालणारं आधार इथे पुढे करू नका. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला गाइड घेणं बंधनकारक केलंय, तेव्हा गाइडचा खर्च आधीच हिशोबात धरा.

लॉजची खोली दोन्हीकडे स्वस्त आणि जेवण महाग. त्यामागे कारण आहे. तांदळाचं पोतं, सिलिंडर, अंडी, सगळं खेचरांवर किंवा माणसांच्या पाठीवर वर येतं, त्यामुळे उंचीबरोबर दालभातचा भाव चढतो. पण दालभात पोट भरेपर्यंत वाढतात. आपली काही मंडळी खोली घेऊन घरचे ठेपले आणि मॅगीची पाकिटं उघडतात आणि वर गरम पाणी फुकट मागतात. मला याची लाज वाटते. ज्या घरात तुम्ही बसलेले असता तिथला कर्ता मुलगा बहुधा आखातात किंवा मलेशियात असतो. नाहीतर आपल्याकडेच, एखाद्या सोसायटीच्या गेटवर. लॉज म्हातारी आणि सून चालवतात. आपण भाजीवालीशी घासाघीस करतो तीच सवय तिथे दालभातवर नेऊ नये. असं कोणाच्या घरात बसल्यासारखं अन्नपूर्णेवर कमी वाटतं, तिथे गर्दी आहे आणि व्यवहार रुळलेला आहे. पोखऱ्याजवळच्या गावांत तुम्ही एक गिऱ्हाईक असता. लांगटांगमध्ये संध्याकाळी सगळे एकाच चुलीभोवती बसतात, आणि म्हातारी तुमच्याशी हिंदीत बोलायचा प्रयत्न करते.

लांगटांग गावाचं आणखी एक. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून बर्फ आणि दगडांचा लोंढा कोसळला आणि ते गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. तीनशेच्या वर माणसं गेली, त्यात ट्रेकरही होते. आजचं गाव थोडं वर, नवं बांधलेलं आहे. त्याच्या आधी वाट त्या दगडांच्या पसाऱ्यावरून जाते. आमच्यातला एकही जण तेवढा वेळ बोलला नाही. अन्नपूर्णेवर असं काही डोळ्यांपुढे येत नाही, तरी देउरालीच्या वर हिमप्रपाताचा पट्टा आहे. ताजा बर्फ पडला असेल तर लॉजवाला काय सांगतो ते ऐकायचं, परतीच्या तिकिटाची तारीख काय सांगते ते नाही.

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे अडचण नाही. छोम्रोंगच्या वर मांस न नेण्याची जुनी प्रथाच आहे. क्यान्जिनला याकच्या दुधाचं चीज बनवणारा कारखाना आहे, स्विस मदतीने १९५० च्या दशकात उभा राहिलेला. ते चीज आणि जाड रोटी मिळाली की तीन दिवस मिसळीची आठवण येत नाही. चौथ्या दिवशी येते.

मग कोणी कुठे जावं? हातात पंधरा दिवस असतील, पहिलीच वेळ असेल आणि गुडघे शाबूत असतील तर सोनौली, पोखरा, अन्नपूर्णा. दारापासून दारापर्यंत चौदा-पंधरा दिवसांत बसतं, आणि वाटेत बिघडलंच तर शहर जवळ आहे. सोळा-सतरा दिवस निघत असतील तर माझं मत लांगटांगला, आणि दिवाळी असेल तर रक्सौलचा हट्ट सोडून सोनौलीहूनच काठमांडूची बस धरावी. लांब पडतं, पण गाडीचं तिकीट मिळण्याची शक्यता तरी असते. दहाच दिवस रजा असेल तर जमिनीवरून जायचा नाद सोडा, काठमांडूला विमानाने उतरा आणि लांगटांग करा.

बूट मात्र कुठल्याही वाटेसाठी आत्ताच घ्या, आणि ब्रह्मगिरीवर चार रविवार झिजवा. माझे नवे बूट लामा होटेलला पोचायच्या आत चावले होते, आणि पुढचा सगळा लांगटांग मी बिऱ्हाडातल्या जुन्या स्लीपरवर केला.