हायब्रिड सायकल, नऊ महिने, २,६०० किलोमीटर

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ लावते. सायकल (हायब्रिड, म्हणजे रस्त्यावरची आणि माउंटन बाइक यांच्या अधलीमधली) चांगली आहे. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. हँडलवरचा स्पीडोमीटरही चोख चालतो. गडबड एवढीच झाली की नऊपैकी मधले चार महिने मी सायकल त्या डबीकडे बघत चालवली. त्यामुळे हा अनुभव थोडा सायकलीचा आणि बराचसा त्या आकड्याशी झालेल्या भांडणाचा आहे. ज्यांना फक्त टायर, सीट आणि गिअरचं वाचायचंय त्यांनी सरळ खाली जावं, मला राग नाही.

शाळा सुटली तशी सायकल सुटली, ती एकदम एकेचाळिसाव्या वर्षी परत हातात आली. तोल अंगात शिल्लक होता, निर्धास्तपणा मात्र नव्हता. पहिल्या आठवड्यात एक हात सोडून वळण्याचा इशारा करायला गेले की हँडल डुगडुगायचं. मागे वळून बघितलं की सायकल त्याच बाजूला ओढली जायची. लहानपणी पडायची भीती नसते, कारण पडून फारसं काही बिघडत नाही. आता मात्र प्रत्येक खड्ड्याशी मनगट, गुडघा आणि दातांचा हिशोब होतो. तरी ते पहिले दीड महिने मजेचे होते. पहाटे आठ-दहा किलोमीटर, वाटेल त्या रस्त्याने, वाटेल तिथे थांबून.

मग भाच्यानं विचारलं, "मावशी, ॲव्हरेज किती पडतं तुझं?" मला सांगता येईना. पुढच्या खेपेला आला तो स्पीडोमीटर घेऊनच. पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला सेन्सर, स्पोकला चुंबक, हँडलवर डबी, दहा मिनिटांत बसवून मोकळा. दुसऱ्या दिवशीची सरासरी १७.८. तिसऱ्या दिवशी १८.३. आणि मी अडकले.

आकडा वाढवायला किती कमी अक्कल लागते हे सांगण्यासारखं आहे. टेकडीकडचा रस्ता मी सोडला, कारण चढावर सरासरी मरते. गर्दीच्या चौकाआधी मोजणी थांबवायची आणि चौक ओलांडला की पुन्हा सुरू करायची, हेही केलं. ओळखीचं कुणी भेटलं तर नुसता हात हलवून पुढे. एकदा घरी आले तर नवऱ्यानं विचारलं, "नदीला पाणी आलं का गं?" त्या दिवशी पुलावरून दोनदा गेले होते, जाताना आणि येताना. पाणी आलं होतं की नाही, मला सांगता आलं नाही. मी सांगितलं, "२१.४." तो काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आवडलं नाही.

त्या काळात सगळ्यात जास्त छळलं वाऱ्यानं. सकाळी तोंडावर वारा असला की स्वतःची समजूत घालायचे, येताना पाठीशी येईल, फिटंफाट होईल. होत नाही. जाताना दहा किलोमीटर ताशी १६ नं गेलं आणि येताना तेच दहा २८ नं आलं, तर सरासरी २२ येईल असं वाटतं. येते २०.४. कारण सावकाश गेलेल्या टप्प्यात वेळ जास्त जातो आणि भागाकार वेळेनं करायचा असतो. चढ-उताराचंही तेच. चढानं खाल्लेलं उतार पुरतं परत देत नाही. शाळेत हे गणित आगगाड्यांवर केलं होतं, तेव्हा मांड्या भरून आल्या नव्हत्या म्हणून लक्षात राहिलं नसावं.

दुसरा हिशोब हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनानं. म्हणजे सपाट रस्त्यावर, वारा नसताना, २० वरून २५ वर जायचं तर फक्त हवेपायी जवळजवळ दुप्पट ताकद लागते. बदल्यात मिळतं काय? वीस किलोमीटरला साठऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटं. शर्यतीत बारा मिनिटं म्हणजे आयुष्य असेल. मी त्या बारा मिनिटांचं काय करत होते? घरी येऊन पंख्याखाली आडवी पडत होते.

गुडघा तिसऱ्या महिन्यात बोलायला लागला. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायचं, जिना उतरताना जास्त. कारणं दोन होती आणि दोन्ही माझीच. एक, सीट खाली ठेवलेलं, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. नवख्या मोठ्या माणसांची ही ठरलेली चूक असावी, कारण भीतीवर तोच उपाय सुचतो. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्याला थोडासाच बाक राहायला हवा, माझा चांगलाच दुमडलेला असायचा. दुसरं कारण म्हणजे जड गिअर. जड गिअरवर जोर लावला की 'आपण दमदार चालवतोय' असं वाटतं. पंधरा सेकंद उजव्या पायाच्या फेऱ्या मोजल्या तर भरल्या १४, म्हणजे मिनिटाला ५६. मुरलेले सायकलवाले साधारण ८० ते ९० फिरवतात. सीट एकदम न चढवता आठवड्याला थोडं थोडं वर घेतलं आणि गिअर दोननं हलका केला. पहिले काही दिवस हवेत पाय मारल्यासारखं, थोडं वेडगळ वाटतं. गुडघा पाच आठवड्यांत गप्प झाला. तुमचा दुखतच राहिला तर मात्र माझ्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता या गोष्टीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग. स्पीडोमीटरला चाकाचा घेर सांगावा लागतो. चाकाची एक फेरी म्हणजे किती मिलिमीटर, त्यावरून तो वेग काढतो. माझं टायर ७०० बाय ३८ (३८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी), त्याचा घेर साधारण २,१८० मिलिमीटर. भाच्यानं बसवताना स्वतःच्या माउंटन बाइकच्या जाडजूड टायरचा, २,३०० चा आकडा घातला होता. म्हणजे साडेतीन महिने डबी मला साडेपाच टक्के जास्त सांगत होती. हे कळलं कसं? रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी अंतर जुळेना म्हणून. मग व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला, तिथे जमिनीवर खडूची रेघ मारली, सायकलवर बसून, नवऱ्याला धरायला लावून, एक पूर्ण फेरी पुढे गेले, दुसरी रेघ मारली आणि टेपनं मोजलं. २,१७६.

ज्या दिवशी पहिल्यांदा २२ गाठले म्हणून मी घरभर सांगत सुटले होते, तो दिवस प्रत्यक्षात २०.८ चा होता. आधी राग आला, मग हसू. कारण त्या सकाळचा आनंद खोटा नव्हता. ऊन कोवळं होतं, रस्ता रिकामा होता, पाय हलके होते. २२ खोटे निघाले म्हणून त्यातलं काहीच पुसलं जाईना.

तेव्हापासून डबीवर फक्त घड्याळ लावून ठेवलंय. वेग आत कुठेतरी नोंदला जातो, बघायचा तर घरी येऊन बघते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत डोळे सवयीनं तिथेच जायचे आणि सहा वाजून बेचाळीस मिनिटं बघून परत यायचे. जोर किती लावायचा याचं माप आता साधं आहे. शेजारी कुणी असतं तर त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं असतं का? आलं असतं, तर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला असता, तर गिअर हलका. टेकडीकडचा रस्ता परत सुरू झाला. तिथल्या शेवटच्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरवर, पुढे ३० दात आणि मागे ३४, मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी जेमतेम सात किलोमीटर होतात. जॉगिंग करणारे ओलांडून जातात. जाऊ देत.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई वेगाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. 'आम्ही बाई निवांत चालवतो' म्हणून नाक वर करणारेही मला तितकेच कंटाळवाणे वाटतात. सहाव्या महिन्यात मी मुद्दाम फक्त सावकाश चालवलं आणि महिनाअखेरीला लक्षात आलं की चढ जरासुद्धा सोपा झालेला नाही, शिवाय थोडा कंटाळाही आलाय. आता आठवड्यातून एक दिवस पळवते. नीट अंग गरम करून, रिकाम्या सरळ रस्त्यावर, एक मिनिट जीव तोडून, तीन मिनिटं रमतगमत, असं सहा वेळा. कानात वारा घोंगावतो, दात न कळत दाबले जातात, आणि नंतर जो उमाळा येतो तो निवांत फेरीत येत नाही. हौस म्हणून एकदा तासभर सलग दामटून पाहिलं, २४.१ किलोमीटर झाले. फिलिपो गान्ना या इटालियन सायकलपटूनं २०२२ मध्ये ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर काढलेत. म्हणजे मी निम्म्याच्याही आत. हे कळल्यावर मला फार मोकळं वाटलं.

लांब पल्ल्याच्या ब्रेवे प्रकाराबद्दल वाचलं तेव्हा तर डोक्यातली एक गाठच सुटली. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, थांबणं, पंक्चर, विश्रांती सगळं धरून. म्हणजे ताशी १५ च्याही किंचित आत. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. गंमत म्हणजे फार लवकर पोचलात तर पुढचं तपासणी ठाणं उघडलेलंच नसतं. यातली सगळ्यात नावाजलेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १,२०० किलोमीटरची, १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि आज ९० तासांच्या मुदतीत पुरी करायची सफर झालीय. मी अजून कुठली ब्रेवे केलेली नाही. गेल्या महिन्यात एकटीनं १०० किलोमीटर केले, थांबे धरून सात तासांत. मांडीला गोळा फक्त एकदा आला.

आता सायकल. वजन १२.८ किलो, जिन्यावरून नेताना जाणवतं, रस्त्यावर नाही. टायरच्या कडेला लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तेवढी, म्हणजे ८५ पीएसआय, हवा भरून खडबडीत रस्त्यावर दोन महिने टणाटण उडत होते. आता पुढे ४५, मागे ५०. हात बधिर होणं थांबलं आणि वेग कमी झाला नाही, कारण उडण्यात जी ताकद वाया जायची ती आता पुढे जायला लागते.

सोबत आलेलं सीट मऊ, गुबगुबीत आणि वाईट होतं. अर्ध्या तासात मुंग्या यायच्या. मऊ सीटमध्ये बसायची हाडं रुततात आणि भार नको तिथे येतो. हाडांमधलं अंतर मोजून त्याला पुरेल इतकं रुंद, मध्ये खाच असलेलं आणि थोडं कडकच सीट घेतलं. आणि पॅड असलेली शॉर्ट. बायकांनो, तिच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं. शिवण घासते. हे दुकानात कुणी मोकळेपणानं सांगत नाही म्हणून इथे लिहितेय.

गिअर दोन गुणिले आठ, म्हणजे पुढे दोन चकत्या आणि मागे आठ, पुरेसे. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर मागचे गिअर अडखळायला लागले, कारण नवी केबल आणि तिचं आवरण आपापल्या जागी बसतात. डिरेलरजवळची (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाजवळची) गोल चकती पाव आटा फिरवली की जागेवर येतं, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. डिस्क ब्रेक पावसात ओरडतात. थांबवतात मात्र चोख. त्यांच्या पॅडला किंवा डिस्कला चेनचं तेल लागू देऊ नका, मी एकदा तो उद्योग करून पॅड फुकट घालवले. चेन दर दोन-तीनशे किलोमीटरला पुसून तेल देते, २,४०० ला गेजनं मोजली तेव्हा अर्धा टक्का ताणली होती, लगेच बदलली. तशीच दामटली असती तर मागचे दात खाल्ले असते आणि कॅसेटचा, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचा, खर्च वर.

मागचं टायर आता मधल्या पट्ट्यात चपटं झालंय, पुढच्या महिन्यात बदलावं लागेल. भाचा म्हणतो २८ चं घे, हलकं पळेल. मी ३८ चंच सांगून ठेवलंय. बदललं की खडू आणि टेप परत काढावे लागतील, नवऱ्यालाही सायकल धरायला परत उभं करावं लागेल. तो आत्तापासूनच कुरकुरतोय.